आठ दिवस, चौदा तास, पंचावन्न मिनिटे

२०१५ च्या जूनअखेरीस नाशिकच्या वर्तमानपत्रांतून एक आकडा ठळकपणे छापून आला होता : ८ दिवस, १४ तास, ५५ मिनिटे. डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या नाशिककर बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघात एवढ्या वेळात पूर्ण केली होती. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, म्हणजे एका महासागराच्या काठापासून दुसऱ्याच्या काठापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर. ही शर्यत पूर्ण करणारे हे पहिले भारतीय. थोरले भूलतज्ज्ञ, धाकटे दंतवैद्य. आयुष्यभर इतरांना झोपवण्याचे काम करणाऱ्या माणसाने नऊ दिवस स्वतःची झोप मिनिटांनी मोजून घ्यावी, ह्यातला विरोधाभास एखाद्या कथाकाराला सुचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. पुढच्याच महिन्यात सिंहस्थाचे ध्वजारोहण झाले आणि गावाचे लक्ष गोदाकाठाकडे वळले.

आकडा लक्षात राहिला. आकड्याच्या आतले फारसे राहिले नाही. पदव्युत्तर वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना मी हे उदाहरण अनेकदा देतो. सायकल चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना दिवस, तास, मिनिटे पाठ असतात. त्या २०७ तासांत काय घडले असावे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. त्यांचा ह्यात दोष नाही. आपल्याकडे असल्या पराक्रमांची जी नोंद होते ती ‘पहिला’ ह्या विशेषणाने सुरू होते आणि घड्याळाच्या आकड्याने संपते. लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीचा इतिहास लिहायचा झाला तर साधने कोणती, हा माझ्या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी आधी शर्यतीविषयी थोडे सांगणे भाग आहे.

१९८२ साली लॉन हॉल्डमन, जॉन मरिनो, मायकेल शर्मर आणि जॉन हॉवर्ड हे चौघे सँटा मोनिकाच्या धक्क्यावरून निघून न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगपर्यंत सायकलने गेले. हॉल्डमन पहिले आले. त्यांना पावणेदहा दिवसांहून थोडा अधिक वेळ लागला. ही त्या शर्यतीची सुरुवात. ‘टूर द फ्रान्स’ आपल्या वाचकांना ठाऊक असते. तिथे रोज एक टप्पा, रोज संध्याकाळी घड्याळ थांबते, खेळाडू हॉटेलात झोपतो. इथे घड्याळ सुरुवातीच्या रेषेवर एकदा सुरू होते आणि शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. झोपलात तर ती झोप तुमच्या वेळेत मोजली जाते. त्यामुळे ही शर्यत जितकी पायांची तितकीच निद्रेची आहे. एकट्याने धावणाऱ्या पुरुषाला मुदत १२ दिवसांची, संघांना ९ दिवसांची. वाटेत पन्नासहून अधिक ठिकाणी वेळेची नोंद होते. आधी वाळवंट, मग रॉकी पर्वत, मग कॅन्सासची संपता न संपणारी सपाटी आणि तिथला आडवा वारा, आणि सगळे संपत आले असे वाटताना अ‍ॅपालेचियन डोंगरांच्या लहान पण चिवट चढणी. कोलोरॅडोतली वूल्फ क्रीक खिंड ३३०० मीटरांवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्राचे छप्पर दोनदा एकमेकांवर ठेवावे, तेवढ्या उंचीवरून सायकल न्यायची.

दोघांच्या संघात एक जण सायकलवर असतो, दुसरा गाडीत. गाडीतल्याने त्या वेळात खायचे, कपडे बदलायचे, पाय चोळून घ्यायचे आणि जमले तर झोपायचे. दिवसा उन्हात अदलाबदली लवकर लवकर होते, रात्री पाळ्या लांबवतात. ४८०० किलोमीटरना २०७ तासांनी भागले तर ताशी २३ किलोमीटरच्या आसपास सरासरी येते. गावातल्या गावात चांगली सायकल चालवणाऱ्याला हा वेग तासभर टिकवता येईल. पण इथे प्रत्येक थांबा, प्रत्येक चुकलेले वळण आणि प्रत्येक अदलाबदल धरून नऊ दिवस-रात्री ही सरासरी राखायची असते.

आता निद्रेविषयी. पहिल्या चौघांतले मायकेल शर्मर पुढे संशयवादी लेखक म्हणून प्रसिद्ध झाले; ‘स्केप्टिक’ ह्या मासिकाचे ते संस्थापक. १९८३ च्या शर्यतीत सलग ८३ तास जागे राहिल्यानंतर नेब्रास्काच्या एका रस्त्यावर त्यांना खात्री पटली की, आपल्यामागून येणारी दिव्यांची मोठी गाडी हे परग्रहावरचे यान आहे आणि तिच्यातून उतरणारे आपले सहकारी हे माणसांचे सोंग घेतलेले परग्रहवासी आहेत. थोडी झोप मिळाल्यावर भ्रम गेला. पुढे माणसे विचित्र गोष्टींवर विश्वास का ठेवतात, ह्यावर त्यांनी पुस्तक लिहिले तेव्हा स्वतःचे हे उदाहरण त्यात दिले. मानेचे स्नायू थकून डोके उचलता न येण्याच्या अवस्थेलाही त्यांचेच नाव पडले आहे. हनुवटी छातीला टेकते आणि रस्ता दिसेनासा होतो. पाच वेळा ही शर्यत जिंकलेले स्लोव्हेनियाचे यूरे रोबिच ह्यांच्याविषयीही असेच वाचायला मिळते. शेवटच्या दिवसांत ते रस्त्याकडेच्या टपालपेट्यांशी भांडायला सायकलवरून उतरत. कधी थांबायचे, काय खायचे, कुठे झोपायचे, हे निर्णय तेव्हा त्यांच्या हाती नसत. मागच्या गाडीतले लोक ते घेत.

ह्या भ्रमकथा मजेच्या म्हणून सांगितल्या जातात. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र इथे थबकावे. ह्या शर्यतीचा नायक स्वतःच्या कथेचा विश्वासार्ह निवेदक नसतो. तिसऱ्या रात्रीनंतर त्याला काय दिसले आणि काय खरोखर होते, ह्याची सरमिसळ झालेली असते. परतल्यावर तो मुलाखतीत जे सांगतो ते बरेचसे इतरांनी त्याला सांगितलेले असते. म्हणजे ज्याच्या नावावर इतिहास लिहिला जातो, त्याच्याकडेच त्या इतिहासाचे साधन नसते. ते असते क्रूकडे : गाडी चालवणारे, नकाशा पाहणारे, चाक बदलणारे, खिचडीचा डबा हातात देणारे. एकट्या स्पर्धकामागे असे आठ-दहा लोक असतात आणि तेही अर्धवट झोपलेलेच असतात. नवी मुंबईचे कबीर राचुरे ह्यांनी २०१९ साली एकट्याने ही शर्यत पूर्ण केली तेव्हा त्यांच्या क्रूची प्रमुख त्यांची बहीण सपना होती. बातम्यांनी तिचा उल्लेख केला हे बरे झाले. बहुतेक क्रूंच्या वाट्याला तोही येत नाही.

एकट्याने शर्यत पुरी करण्याचा विषय निघालाच आहे तर नाशिकशी संबंधित दुसरे नावही घेतले पाहिजे. सैन्यदलातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ नाशिकला नेमणुकीवर होते आणि त्यांचा सराव इकडच्याच रस्त्यांवर झाला. २०१७ साली एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले : ११ दिवस, १८ तास, ४५ मिनिटे. पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ, ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटे. आता मुदत १२ दिवसांची, हे लक्षात घेऊन वजाबाकी करावी. गोकुळनाथांच्या हाती उरले होते सव्वापाच तास, समर्थांच्या हाती तीन तासांहून कमी. बारा दिवसांच्या हिशेबात हे अंतर म्हणजे एक बिघडलेला गिअर, एक चुकलेला फाटा आणि पोटदुखीचे एक दुपारभराचे आजारपण. एवढ्या पातळ रेषेच्या एका बाजूला ‘इतिहास घडवला’ असे म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला काहीच म्हणत नाहीत.

दुसऱ्या बाजूला कोण होते? स्वतः गोकुळनाथ होते. २०१६ साली ते ह्याच शर्यतीत उतरले होते आणि त्यांना ती अर्ध्यावर सोडावी लागली होती. त्यांच्याआधी, २०१० साली, बंगळूरचे समीम रिझवी एकट्याने सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले. ते तिथवर गेलेले पहिले भारतीय. अधिकृत पूर्ततेच्या यादीत त्यांचे नाव लागले नाही. निकालपत्रात अशा नावांपुढे तीन इंग्रजी अक्षरे येतात, डीएनएफ : डिड नॉट फिनिश. माझ्या मते नाशिकच्या, किंबहुना भारताच्या, ह्या खेळाचा खरा इतिहास त्या तीन अक्षरांच्या रकान्यात आहे. किती पाणी प्यावे, क्रूत किती माणसे हवीत, उन्हाचे वाळवंट आणि थंडीची खिंड ह्यांच्या मधल्या एका रात्रीत शरीराचे काय होते, हे भारतीय स्पर्धकांना रिझवींच्या अपुऱ्या राहिलेल्या शर्यतीतून आणि गोकुळनाथांच्या २०१६ मधून कळले असणार. समर्थांनी पहिल्याच प्रयत्नात शर्यत पुरी केली, हा आक्षेप कोणी घेईल. त्यांच्या मेहनतीबद्दल शंका नाहीच; पण ते निघाले तेव्हा वाट पूर्वीइतकी अनोळखी राहिली नव्हती.

आता ही माणसे नाशिकच्या आसपासच का तयार झाली, ह्याकडे वळतो. संघटनांचा वाटा मोठा आहे. ‘नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशन’ने गावात सायकलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुण्याच्या दिव्या ताटे ह्यांच्या प्रयत्नांतून ‘ब्रेव्हे’ म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब फेऱ्या भारतात रुजल्या : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. २०१४ पासून पुण्याहून गोव्यापर्यंतची सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ सुरू झाली. ठराविक वेळेत ती पूर्ण केली की अमेरिकेच्या शर्यतीला पात्रता मिळते. परदेशात न जाता पात्र होता येऊ लागले, हा ह्या इतिहासातला आर्थिक मुद्दा आहे आणि तो भावनिक मुद्द्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

पण भूगोलाचाही वाटा आहे. नाशिक सुमारे ६०० मीटरांवर, पठाराच्या पश्चिम कडेला वसले आहे. पुण्यातून सिंहगडाकडे निघालेला सायकलस्वार आधी चढतो आणि मग उतारावरून घरी येतो. नाशिकहून पश्चिमेला निघालेल्याचे उलटे होते. कसाऱ्याकडे जा, त्र्यंबकवरून जव्हारकडे जा, पेठवरून धरमपूरच्या दिशेने जा; जाताना उतार लागतो आणि चढण परतीला, पाय थकल्यावर, ऊन चढल्यावर किंवा अंधार पडल्यावर. लांब पल्ल्याच्या शर्यतीला जे शिक्षण लागते ते नेमके हेच. सुरुवातीचा घाट कोणीही चढतो. दीडशे किलोमीटरनंतरचा घाट चढताना खाण्याचा हिशेब चुकला होता की नाही, हे कळते. कसारा घाट म्हणजे जुना थळघाट. १८६५ साली रेल्वे ह्या घाटातून वर आली, आणि गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावण्याची पद्धत तिथे कायम झाली. सायकलवाल्याला मागून इंजिन नाही. बोरघाटातल्या मुंबई-पुणे शर्यतीची परंपरा चाळीसच्या दशकापासूनची. तिथे चढणीत पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. राजा हा शब्द तासाभराच्या चढणीला शोभतो. अमेरिकेच्या शर्यतीत घाटाला राजा नसतो, घाट फक्त मागे टाकायचा असतो.

सरावाचे स्वरूपही ह्यातूनच ठरते. शनिवारी लांब फेरी आणि रविवारी, पाय भरून आले असतानाच, पुन्हा लांब फेरी. रात्री दहाला निघून पहाटेपर्यंत चालवणे, म्हणजे तीन ते पाच ह्या वैऱ्याच्या तासांची शरीराला ओळख होते. एप्रिल-मेच्या दुपारी, जेव्हा शहाणी माणसे दारे लावून बसतात, तेव्हा वाळवंटाची तयारी म्हणून चांदवडच्या बाजूला निघणे. भूक लागण्याआधी खाणे आणि तहान लागण्याआधी पिणे, कारण लागल्यावर उशीर झालेला असतो. केळी, चिक्की, मीठ-साखरेचे पाणी, मऊ खिचडी. तळहाताच्या कडेची नस दबून बोटे बधिर होतात. बसण्याच्या जागेची कातडी सोलते. ह्या गोष्टी नायकाच्या चरित्रात येत नाहीत, पण शर्यती बहुधा इथेच सुटतात. गुडघ्यापेक्षा कातडीने अधिक लोकांना गाडीत बसवले आहे.

एक विषयांतर. डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल, जिला आता सर्रास एमटीबी म्हणतात, ती १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यात जुन्या दणकट सायकली डोंगरउतारावरून सोडणाऱ्या तरुणांनी जन्माला घातली, असे सायकलीचा इतिहास सांगतो. तो खरा आहे. तिच्या लांब शर्यती आता आपल्या शेजारीही होतात. हिमाचलात २००५ पासून एक सुरू झाली. भूतानमध्ये २०१० पासून बुमथांगहून थिंफूपर्यंत २६८ किलोमीटर एका दिवसात, चार खिंडी ओलांडून, पहाटे दोनला निघून न्यायची असते. मात्र त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याच्या कच्च्या रस्त्यांवरून बावीस इंची काळी सायकल, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून, गिअर नसताना चालवणारे दूधवाले काय करीत होते, ह्याला त्या इतिहासात नाव नाही. मी हे अभिमानाने किंवा ‘आमच्याकडे आधीच होते’ ह्या सुरात म्हणत नाही. त्यांनी शर्यत लावली नव्हती. त्यांना पोट भरायचे होते आणि परवडले तेव्हा त्यांनी आनंदाने मोटारसायकल घेतली. मुद्दा साधनांचा आहे. नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत, तेव्हा त्याची नोंदवही असे. दिव्याविना सायकल चालवल्याचा दंड होई, त्याची पावती असे. अशी कागदपत्रे जिथे उरली असतील तिथे त्या सायकलींची संख्या तरी मिळेल. अंतरे मिळणार नाहीत.

‘पहिला’ ह्या शब्दाकडे परत येतो. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा ह्या तिघांनी ती १९२८ साली, सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापून, पूर्ण केली. बाकीचे तिघे वाटेत निरनिराळ्या कारणांनी गळाले. एक जण अमेरिकेतच राहिला. तिघांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १९३१ साली निघाले. त्यानंतरही मुंबईचे पारशी तरुण असेच निघत राहिले. फ्रामरोझ दावर सहारा ओलांडून गेले. मग हे सारे विस्मरणात गेले, इतके की २०२० साली त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक आले तेव्हा ते बहुतेकांना नवीनच होते. मुंबईपासून नाशिक फार दूर नाही. पण २०१५ च्या बातम्या लिहिताना कोणाला हकीम-बापासोला आठवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ‘पहिला’ हा शब्द असे करतो. ज्या दिवशी तो उच्चारला जातो त्या दिवसापासून इतिहास सुरू होतो आणि त्याआधीचे सगळे प्रागैतिहासिक ठरते.

मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेला हे शोभणारे नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ आपण अभ्यासक्रमात वाचतो. गोडसे भटजी उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडायला. मध्ये सत्तावनचे बंड आले. मिळवलेले लुटले गेले, जीव वाचला एवढेच. हेतूच्या दृष्टीने तो प्रवास फसला. परतताना हाती राहिली ती गंगेची कावड. १९०७ साली तो ग्रंथ छापला गेला आणि आपल्या गद्याचा एक मानदंड ठरला. कुठे मुक्काम पडला, काय खाल्ले, कोण भेटले, कशाची भीती वाटली, हे त्यात आहे. तो प्रवास यशस्वी झाला असता आणि त्याची नोंद ‘इतके महिने, इतके रुपये’ एवढीच उरली असती, तर आपण तो वाचला असता का?

इथे एक सोपी वाट समोर येते आणि ती मी टाळू इच्छितो. नाशिककडे अंतर कापण्याचे दुसरेही नमुने आहेत. श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, हजारो लोक ब्रह्मगिरीची फेरी घालतात. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते. आणि नाशिकचे सायकलस्वार दरवर्षी पंढरपूरची सायकल वारीही करतात. ह्यांत कोणी पहिला येत नाही. तेव्हा शर्यत पाश्चात्त्य आणि वारी आपली, शर्यतीत अहंकार आणि वारीत समर्पण, असे दोन रकाने पाडून लेख उरकता येईल. असे लेख मी वाचले आहेत; ते पटत नाहीत. शर्यतीत घड्याळ खरे असते. घड्याळाला महत्त्व नाही असे ज्याला वाटते त्याने पहाटे चारला घाटात सायकलवर असू नये. महाजन बंधूंनी नऊ दिवसांची मुदत मोडली असती तर त्यांच्या श्रमांची प्रत तीच राहिली असती हे खरे. पण त्यांनी ती मोडली नाही, हेही खरे, आणि त्याला मोल आहे. मला वारीतून एवढेच घ्यावेसे वाटते की, तिथे दिंडीत चालणाऱ्यांची मोजदाद होते, पाणी देणाऱ्याचे, तंबू ठोकणाऱ्याचे स्थान ठरलेले असते, आणि आजारी पडून वाटेत थांबलेल्याची आठवण पुढच्या मुक्कामावर निघते.

साधनांचा प्रश्न राहिला. काही वर्षांपूर्वी अशाच एका लांब शर्यतीत एका मित्राच्या मागच्या गाडीत बसण्याचा योग मला आला. मी गाडी चालवू शकत नाही आणि पंक्चरही नीट काढता येत नाही; तेव्हा ‘तुम्ही लिहिणारे, तुम्ही वही सांभाळा,’ असे म्हणून क्रूप्रमुखाने शंभरपानी वही माझ्या हाती दिली. तोवर मला माहीत नव्हते की प्रत्येक क्रूकडे अशी वही असते. वेळ, किलोमीटर, काय खाल्ले, किती प्यायले, लघवीला थांबले का, काय बोलले. पहिल्या पानांवर मी पूर्ण वाक्ये लिहिली होती, निसर्गवर्णनही केले होते, आता वाचताना संकोच होतो. रात्र पडल्यावर वाक्ये तुटली. ‘११.२०. अर्धे केळे. पाणी नको म्हणाला.’ ‘१२.०५. तेच गाणे पुन्हा लावा म्हणाला.’ ‘१.४०. आपण कुठे आहोत विचारले. सांगितले. पुन्हा विचारले.’ मग मी झोपलो आणि अक्षर बदलले. पुढची दोन पाने गाडीच्या चालकाच्या भावाने लिहिली आहेत, आणि ती माझ्यापेक्षा चांगली आहेत, कारण त्याने दर वेळी वाऱ्याची दिशा लिहिली आहे. मला ती सुचलीच नव्हती.

राजवाड्यांनी वाईला सापडलेल्या दप्तरापासून सुरुवात करून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा ज्या कागदांना घरचे लोक रद्दी समजत होते त्यांतून पानिपतचा इतिहास नव्याने उभा राहिला. पेशव्यांच्या रोजनिशीत लढायांपेक्षा दाणावैरणीचे आकडे अधिक आहेत, आणि अभ्यासक त्यांना तुच्छ मानत नाहीत. सायकल शर्यतीची तुलना पानिपताशी करणे हास्यास्पद आहे, हे मला समजते. मी फक्त कागदाच्या जातीविषयी बोलतो आहे. क्रूची वही ही रोजनिशी आहे. ती लिहिणारा नायक नाही, त्याला कीर्ती मिळणार नाही, म्हणून त्याला खोटे बोलण्याचे कारणही नाही. २०१५ च्या, २०१६ च्या आणि २०१७ च्या वह्या कुठेतरी असतील, एखाद्या कपाटात, सायकलीच्या जुन्या ट्यूबांखाली. नाशिकला सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासूनची संस्था आहे. अशा वह्यांची छायाप्रत घेऊन ठेवायला एक कपाट पुरेल. त्यात पूर्ण न झालेल्या शर्यतींच्या वह्या आधी घ्याव्यात. त्या फेकल्या जाण्याची शक्यता जास्त.

माझ्याकडची वही मी ठेवली आहे. मित्राने ती दोनदा मागितली, फाडून टाकायला. मी दिली नाही, आता तो मागत नाही. शर्यत संपायला ९० किलोमीटर असताना पहाटे घाटाच्या पायथ्याशी तो थांबला. मुदत हातची गेली नव्हती. पाय चालत होते, असे आमच्यातल्या डॉक्टरांचे मत पडले. तो थांबला का, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. विचारले तर दर वेळी वेगळे कारण देतो. वहीतल्या शेवटच्या नोंदी चालकाच्या भावाच्या अक्षरात आहेत. ‘५.३५. वारा समोरून. घाट सुरू.’ ‘५.५०. उतरला. सायकल कठड्याला लावली.’ ‘५.५५. चहा मागितला. पहिल्यांदाच. टपरी उघडत होती. दोन कप घेतला.’